वैनगंगेसाठी कयाक: हलकी कोणती, परवडणारी कोणती

बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेला, महाराष्ट्राला अगदी खेटून खैरलांजी तालुका आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी, आणि पलीकडे भंडारा-गोंदिया. (२००६ च्या हत्याकांडामुळे ज्या खैरलांजीचे नाव देशभर गेले ते गाव भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले. हे वेगळे.) घरात पोवारी किंवा मराठी, कचेरीत हिंदी, आणि सोयरीक दोन्ही राज्यांत, असा हा मुलूख. इथल्या एखाद्याने ठरवले, की दिवाळीनंतर तंबू आणि शिधा घेऊन तीन-चार दिवस नदीने खाली जायचे, रात्री रेतीवर मुक्काम करायचा, तर पहिला प्रश्न नावेचा येतो. मासेमारी करणाऱ्या ढीमरांचा डोंगा भाड्याने मिळेलही, पण तो प्रवाहाविरुद्ध परत कोण आणणार? म्हणून कयाक. ती हलकी हवी आणि खिशाला झेपणारी हवी.

या प्रश्नावर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बरेचसे लिखाण मोटारीच्या टपावर कयाक बांधून डांबरी रस्त्याने तळ्याच्या काठापर्यंत जाणाऱ्यांसाठी असते. लांबी, वेग, स्थिरता यांची चर्चा आधी, आणि वजन तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. वैनगंगेवर हा क्रम उलटा धरावा लागतो. पाण्यात कयाक कशी चालते याच्या आधी जमिनीवर ती कशी चालते हे इथे पाहावे लागते, आणि माझ्या मते परवडण्याचा प्रश्नही तिथेच सुटतो.

आधी नदी पाहू. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते, सिवनी-बालाघाटातून वळसे घेत महाराष्ट्रात उतरते आणि शेवटी वर्धेला मिळून प्राणहिता होते. एकूण लांबी पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर हा सलग जलमार्ग दिसतो. प्रत्यक्षात वर भीमगडचे संजय सरोवर आहे, बालाघाटच्या वरच्या अंगाला इंग्रजांच्या काळातले ढुटी धरण आहे, तिरोड्याजवळ कवलेवाड्याला धापेवाडा उपसा सिंचन योजनेचे बॅरेज आहे, आणि पवनीजवळ गोसेखुर्द. बावनथडीवर राजीव सागर. उपनद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांच्या पाट्या पावसाळा सरला की बसवतात. यातली प्रत्येक भिंत म्हणजे नाव पाण्याबाहेर काढून, काठावरच्या दगडांवरून, झुडपांतून पलीकडे नेणे. पावसाळ्यात या नदीत उतरण्याचा विचारही करू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने भंडारा शहरात घरे बुडाली होती, हे या काठाला आठवण करून द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात उलट अवस्था. मोठमोठे रेतीचे पट्टे, मधे डोह, आणि त्यांना जोडणारी घोट्याएवढी धार. मग उरतात ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतचे दिवस. तेव्हाही जागोजागी खडकांच्या आडव्या पट्ट्या उघड्या पडलेल्या असतात आणि पाणी अधूनमधून वीतभरच असते.

इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. बसणारा ७५ किलोचा, सामान १५ किलो, कयाक १५ किलो, एकूण १०५. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, म्हणजे १०५ लिटर. तीन मीटर लांब आणि ऐंशी-नव्वद सेंटिमीटर रुंद कयाकचा पाण्याला टेकलेला तळ साधारण पावणेदोन चौरस मीटर धरला, तर ती सरासरी सहा सेंटिमीटर बुडते. आता हीच कयाक दहा किलोंनी जड घेतली तर किती जास्त बुडेल? जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर. म्हणजे पाण्यात त्या दहा किलोंचा जाच फारसा जाणवत नाही. बंधाऱ्याच्या उतारावर, एका खांद्यावर नाव आणि दुसऱ्या हातात शिध्याची पिशवी असताना मात्र तेच दहा किलो दिवसाचा निकाल लावतात. हलकेपणासाठी जादा पैसे मोजायचे ते वेगासाठी नव्हे. अरुंद, लांब कयाक वेगवान असते हे खरे. पण तिचा तळ निमुळता असल्याने तेवढ्याच वजनाला ती खोल बुडते, आणि उथळ धारेत खरवडत बसते.

जमिनीवरच्या प्रवासाचा दुसरा भाग घरापासून घाटापर्यंतचा. मुंबई-हावडा मुख्य लोहमार्गावर तिरोडा आणि गोंदिया आहेत, बालाघाट-कटंगी मार्गावर वारासिवनी. नागपूरचा किंवा पुण्याचा माणूस इथे रेल्वेनेच येणार, आणि इथला माणूस दुसऱ्या नदीवर जायचे झाले तर रेल्वेनेच जाणार. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान डब्यात मोफत नेता येते, पण पेटीचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरच्या आत हवे. त्याहून मोठी वस्तू ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवून पाठवायची. तीन मीटरची न मोडणारी कयाक डब्यात शिरणारच नाही. एसटीच्या टपाची गोष्ट वेगळी, पण टपावर सामान चढवू देणारा वाहक आता किती भाग्यवंतांना भेटतो? पिकअप भाड्याने केली, की दोन्ही टोकांचे भाडे धरून दोन-तीन सहलींत एका स्वस्त कयाकची किंमत त्यात जाते. तेव्हा परवडणारी कयाक ठरवताना नुसती दुकानातली किंमत धरणे चूक आहे. कयाक, वल्हे, जॅकेट, आणि पहिल्या दोन वर्षांची वाहतूक, अशी बेरीज करावी. ती केली की अनेक स्वस्त नावा महाग निघतात.

हलक्या नावेची भूक नवी नाही. अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत तळ्यांमागून तळी आहेत आणि मधल्या पायवाटांवर नाव डोक्यावर घ्यावी लागते. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा तिथे फिरणारा लेखक किरकोळ अंगाचा आणि क्षयाने खंगलेला. वाटाड्यांच्या जड होड्या त्याला उचलत नसत. त्याने जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून एकाहून एक हलक्या नावा बनवून घेतल्या. १८८३ सालची ‘सेअरी गॅम्प’ ही सीडर लाकडाची नऊ फुटी नाव साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोंच्याही आत होती, आणि तिच्यातून त्याने शेकडो मैलांची सफर केली. तिच्याहून हलकी टणक नाव आज कार्बन फायबर वापरूनही सहज होत नाही. तो सुरुवातीलाच आपल्या खांद्याची ताकद मोजून मगच कारागिराकडे गेला. आपणही तेच करावे. नाव आणि सामान यांच्याइतके ओझे घेऊन उतार उतरता येईल का, हे घरीच करून पाहता येते, त्याला दुकान लागत नाही.

आता प्रकार. सगळ्यांना सारखी जागा देण्यात अर्थ नाही, कारण काही आपल्या नदीवर पहिल्या फेरीतच बाद होतात. फायबरग्लासच्या पाच मीटर लांब सागरी कयाक त्यांतल्याच. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा आणि नंतर पश्चिम किनाऱ्याचा मोठा पल्ला कयाकने गाठला, ते अशा लांब नावांचे काम. खुल्या समुद्रात सरळ रेषेत रोज तीस-चाळीस किलोमीटर जायचे, तर लांबी हवीच. वैनगंगेच्या खडकाळ पट्टीवर फायबरचा थर तडकतो. शर्यतीच्या कयाककडे पाहून कुणाला मोह होईल, कारण स्प्रिंटच्या एकेरी कयाकचे नियमाने किमान वजन फक्त १२ किलो. भोपाळच्या मोठ्या तलावावर मध्य प्रदेशच्या जलक्रीडा अकादमीची मुले अशाच नावांवर घडतात. पण ती नाव स्थिर पाण्यावर तोल सांभाळत पळवायची; तिच्यात तंबू ठेवायला जागा नाही आणि नवख्याला तिच्यात दोन मिनिटे बसताही येत नाही. महेश्वरच्या सहस्रधारेत स्लॅलमच्या स्पर्धा होतात, कोलाडला कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यात राफ्टिंग आणि कयाकिंग चालते. तिथल्या आखूड, जाड प्लास्टिकच्या नावा दगडावर आपटण्यासाठीच बनवलेल्या असतात, पण संथ डोहात त्या सरळ जातच नाहीत. प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरते.

जाड प्लास्टिकच्या म्हणजे रोटोमोल्ड कयाकवर थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक नावा याच. पॉलिएथिलिनची भुकटी साच्यात घालून साचा भट्टीत फिरवत ठेवतात. गच्चीवरची पाण्याची टाकी होते ती याच पद्धतीने. घरोघरच्या टाक्या ओतणाऱ्या या देशात चांगली, साधी, तीन मीटरची कयाक स्वस्तात ओतायला तांत्रिक अडचण काहीच नाही. मागणी नाही, एवढेच. हे प्लास्टिक दगडावर खरचटते पण फुटत नाही, उन्हात वर्षानुवर्षे टिकते, आणि भेग पडलीच तर टाकी दुरुस्त करणारा कारागीर प्लास्टिकच्या वेल्डिंगने ती बुजवू शकतो. दोष एकच: वजन. तीन मीटरची वरून बसायची कयाक बहुधा वीस किलोंच्या पुढेच असते, सामान ठेवण्याजोगी मोठी असेल तर पंचवीस. त्यातही वरून बसण्याच्या नावेत पाणी निचऱ्याच्या भोकांतून वर येत राहते. डिसेंबरच्या सकाळी बालाघाटच्या थंडीत दोन तास ओल्या बुडाने बसणे ज्याला चालेल त्याने खुशाल घ्यावी. तरीही, चार मित्र नदीकाठच्याच गावात राहणारे असतील, कुणाच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल आणि रोज संध्याकाळी एकाच डोहात फिरायचे असेल, तर मी त्यांना कुठल्या तरी बंद पडलेल्या बोटक्लबकडून जुनी रोटोमोल्ड कयाक शोधा असे सांगेन. टिकाऊपणाला दुसरी जोड नाही. सहलीसाठी मात्र ती नको.

घडीच्या कयाकचा इतिहास सुरस आहे. म्युनिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉइरिखने १९०५ मध्ये लाकडी सांगाडा आणि कापडी कातडी अशी नाव रेल्वेने नेता यावी म्हणून बनवली. १९०७ पासून रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने ती विकायला सुरुवात केली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मन माणसापुढे जो प्रश्न होता तोच तिरोडा स्थानकावर उतरणाऱ्यापुढे आज आहे. ऑस्कर स्पेक हा जर्मन १९३२ मध्ये उल्महून घडीची कयाक घेऊन निघाला तो १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ पोचला, आणि वाटेत त्याने भारताचा पश्चिम किनारा वल्हवत पार केला. १९५६ मध्ये हानेस लिंडेमान या डॉक्टरने क्लेपरच्या घडीच्या नावेतून अटलांटिक ओलांडला. नाव मजबूत, यात वाद नाही. पण आज या जातीच्या नव्या नावा हौशी श्रीमंतांसाठी उरल्या आहेत. अमेरिकेतल्या ओरू कंपनीने पन्हळी पॉलिप्रॉपिलिनच्या एका पत्र्याला घड्या घालून बारा किलोंच्या आसपासची कयाक काढली. ती खोक्यासारखी मिटते आणि दिसायला देखणी आहे. आपल्याकडे ती आयात करून, कर भरून घ्यावी लागते, आणि घडीच्या रेषेवर खडक लागला तर दुरुस्तीला कोण? मी तरी घेणार नाही.

आता फुगवायच्या कयाकवर येतो, कारण बहुतेकांचा निर्णय इथेच होणार आहे. कल्पना जुनी: ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केटने १८४० च्या दशकात रबरी कापडाचा असा झगा केला की फुगवला की होडी व्हावी, आणि जॉन रे हा संशोधक १८४६ मध्ये हॅल्केटची नाव घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात गेला होता. आज सगळ्यांत स्वस्त, सहज मिळणाऱ्या नावा इंटेक्स कंपनीच्या. त्यांची एकट्याची ‘चॅलेंजर के-१’ २७४ सेंटिमीटर लांब, ७६ रुंद, आणि १०० किलोंचा भार सांगितलेली. दोघांची ‘एक्सप्लोरर के-२’ ३१२ लांब, ९१ रुंद, भार १८० किलो, आणि वजन वल्ही-पंपासह पंधरा किलोंच्या आगेमागे. या आकड्यांत एक गोम आहे. १०० किलो भार म्हणजे माणूस, पाणी, तंबू, शिधा सगळे धरून. सत्तर किलोंच्या पुढच्या माणसाला के-१ मध्ये तीन दिवसांचे सामान बसत नाही. म्हणून एकट्याने फिरणाऱ्यानेही दोघांची नाव घ्यावी, पुढची बैठक काढून टाकावी आणि तिथे सामान लादावे. वजन थोडे वाढते, रुंदीमुळे वेग कमी होतो, पण तीन दिवस निभतात. स्वस्तात सहल करायची तर ही माझी पहिली शिफारस.

तिच्या मर्यादा नीट सांगायला हव्यात. पहिली, वारा. हवेची नाव पाण्यावर उंच बसते, आणि धरणाच्या मोकळ्या जलाशयात दुपारनंतर वारा सुटला की ती पानासारखी भरकटते. राजीव सागर किंवा गोसेखुर्दच्या पसरलेल्या पाण्यावर दुपारी जाऊ नये. गेलेच तर काठ धरून. दुसरी, पंख. तळाशी लागणारी फिन सरळ जायला मदत करते, पण रेतीच्या पट्टीवर तीच अडकते. काढता येणारी, आखूड फिन असलेली नावच घ्यावी. तिसरी, काटे. बाभूळ आणि बोर यांनी भरलेल्या काठावर नाव ओढत नेणे म्हणजे पंक्चर मागून घेणे. आणि इथे गावचे सायकल दुकान उपयोगाचे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ट्यूबला लावतात ते रबर सोल्युशन पीव्हीसीला धड चिकटत नाही. पीव्हीसीला पीव्हीसीचा तुकडा आणि त्यासाठीचाच चिकटद्रव लागतो. तो घरून बरोबर न्यावा, आणि निघण्याआधी एकदा घरीच ठिगळ लावून पाहावे.

चौथी मर्यादा ऊन, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. सकाळी पाणी पंचवीस अंशांवर असताना फुगवलेली नाव काठावर उन्हात ठेवली आणि आतली हवा पन्नास अंशांपर्यंत तापली, तर बंद हवेचा एकूण दाब सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढतो. टक्केवारी लहान वाटते, पण ती वातावरणाच्या दाबासकट आहे. वातावरणाहून फक्त एक दशांश बारने जास्त फुगवलेल्या स्वस्त नावेत तोच जादा दाब जवळपास दुप्पट होतो, आणि तो सगळा शिवणींवर येतो. नाव फुटते ती बहुधा पाण्यात नव्हे, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली सावली सरकल्यावर. म्हणून नाव काठावर ओढली की झडप किंचित सैल करावी. हे विदर्भातल्या फेब्रुवारीलाही लागू आहे.

थोडे जास्त पैसे असतील तर ‘ड्रॉपस्टिच’ तळाची नाव पाहावी. त्यात वरच्या आणि खालच्या थरांना हजारो उभ्या धाग्यांनी जोडलेले असते, त्यामुळे ती उच्च दाबाला फुगवता येते, तळ फळीसारखा कडक राहतो आणि वल्ह्याचा जोर वाया जात नाही. वजन मात्र बारा ते अठरा किलोंपर्यंत जाते. दोन सहलींनंतर नाद लागला तर ही पुढची पायरी. पहिल्याच दिवशी नको.

हलकेपणाचा राजा पॅकराफ्ट. अलास्काच्या नद्यांसाठी शेरी टिंगी यांनी या शतकाच्या सुरुवातीला अल्पाका राफ्ट ही कंपनी काढली आणि नदी ओलांडायच्या रबरी खेळण्याला गंभीर नावेचे रूप दिले. दोन ते चार किलो वजन, पाठीवरच्या पिशवीत मावणारी, कापड पीव्हीसीऐवजी टीपीयू नावाच्या चिवट प्लास्टिकचे. बंधारा आला तर हवा न काढताही एका हाताने उचलून पलीकडे न्यावी. आखूड आणि गोलसर असल्याने ती हळू चालते, आणि संथ डोहात कंटाळा आणते. शिवाय चांगली पॅकराफ्ट आपल्याकडे आयात केलेलीच मिळते आणि तिची किंमत फुगवायच्या स्वस्त कयाकच्या कितीतरी पट. एका माणसासाठी ती चैन आहे. पण गोंदिया-नागपूरच्या एखाद्या गिर्यारोहण मंडळाने चार-पाच जणांत मिळून दोन घेतल्या, तर माझ्या मते वैनगंगेच्या वरच्या खडकाळ टप्प्यांसाठी याहून योग्य नाव नाही.

उरली हाताने बनवलेली. प्लायवुडचे तुकडे तारेने शिवून सांधे रेझिनने चिकटवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये केन लिटलडाइकच्या कयाकांपासून रुळली आणि १९६२ च्या मिरर डिंगीने घराघरात गेली. आपल्याकडे सुतार आहेत, आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायही शहरात मिळते. अडचण वजनाची. पाश्चात्त्य आराखडे हलक्या ओकुमे लाकडाच्या प्लायवर आखलेले असतात. आपले मरीन प्लाय घट्ट लाकडाचे, आठ बाय चार फुटांचा चार मिलिमीटरचा एक तक्ता सात-आठ किलो भरतो. दोन-अडीच तक्ते, त्यावर इपॉक्सी आणि फायबरचा पातळ थर, की नाव वीस-बावीस किलोंवर जाते. इतके कष्ट करून रोटोमोल्डइतकेच वजन हाती येते. सुतारकामाचा आनंद ज्याला हवा त्याने करावी, पैसे वाचवण्यासाठी नाही.

बांबूचा विचार मात्र बालाघाटात करायलाच हवा. अर्ध्याहून अधिक जिल्हा जंगलाचा, बांबू मुबलक, आणि कामट्या विणणारे हात गावोगाव. समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा बांधून त्यावर सीलचे कातडे ताणणारे इन्युइट लोक कयाकचे जनक. आपल्याकडे तुंगभद्रेवर हंपीला चालणारा हरिगोल म्हणजे बांबूच्या टोपलीला प्लास्टिक-डांबर लावलेली नाव. दोन्हींचा मेळ घालून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पॉलिएस्टर कापड व पीयू वार्निश असे केले, तर बारा-पंधरा किलोंची तीन मीटरची कयाक हजारांतल्या खर्चात होऊ शकते. कापड खडकाला टिकत नाही, त्यामुळे नदीच्या सहलीला ती जोखमीची. पण भंडारा-गोंदियाच्या तलावांवर आणि बोड्यांवर, जिथे ढिवर बांधव डोंगा किंवा हवा भरलेली ट्रकची ट्यूब घेऊन जाळे टाकतात, तिथे अशी नाव मस्त चालेल. एखाद्या पॉलिटेक्निकने हा प्रकल्प मुलांना द्यावा असे मला फार वाटते.

नावेवरचा खर्च आटोपता घेऊन उरलेला पैसा कुठे घालावा? वल्ह्यावर आणि जॅकेटवर. किलोमीटरमागे सहाशे-सातशे वेळा वल्हे उचलले जाते. दिवसाचे पंधरा किलोमीटर धरले तर दहा हजारांच्या आसपास. तेव्हा वल्ह्यातली दोन-तीनशे ग्रॅमची बचत नावेतल्या पाच किलोंपेक्षा खांद्याला जास्त कळते. नावेबरोबर येणारे ॲल्युमिनियमचे वल्हे राखीव ठेवावे आणि फायबरग्लासच्या दांड्याचे, जोडाचे, २३० सेंटिमीटरच्या आसपासचे वल्हे वेगळे घ्यावे. रुंद नावेला आखूड वल्हे पुरत नाही. जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आयएसओ १२४०२-५ खुणेचे, किमान ५० न्यूटनचे, अंगाला घट्ट बसणारे फोमचे. बोटिंगच्या ठिकाणी देतात ते ढगळ नारिंगी जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटते. आणि बॅरेजच्या किंवा बंधाऱ्याच्या भिंतीजवळ, वरून असो की खालून, कुठलीही नाव घेऊन जाऊ नये. भिंतीवरून पडणारे पाणी खाली गोल फिरत राहते आणि त्यात सापडलेल्या माणसाला जॅकेटही बाहेर काढत नाही. भिंत दिसण्याच्या बऱ्याच आधी काठाला लागायचे.

परवानगीचा भाग थोडक्यात. पेंच, कान्हा किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या संरक्षित हद्दीत वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाने नाव घालता येत नाही. तोतलाडोहचे पाणी कितीही बोलावत असले तरी. धरणांच्या जलाशयांवर जलसंपदा विभागाला आधी विचारावे. वैनगंगा दोन राज्यांच्या हद्दीवर असल्याने ज्या काठाला मुक्काम करणार त्या काठाच्या पोलीस ठाण्यात आणि सरपंचाला कळवून ठेवलेले बरे. रेतीघाटांवर रात्री ट्रॅक्टर-टिप्परची वर्दळ असते, आणि अनोळखी तंबूकडे तिथे संशयानेच पाहिले जाते. सारस पक्षी गोंदिया-बालाघाटच्या या पट्ट्यात थोडेच उरले आहेत. हिवाळ्यात पिलांसह जोडी काठच्या शेतात दिसली तर वल्हवणे थांबवून प्रवाहानेच पुढे जावे.

खरेदी करण्याआधी एक दिवस भाड्याच्या नावेत काढावा. कोलाड, मुळशी-पवनेची धरणे किंवा भोपाळचा तलाव, जे जवळ असेल ते. मग पहिली सहल ऑक्टोबरच्या अखेरीस, दोन बंधाऱ्यांमधल्याच एका टप्प्यात, एका मुक्कामाची ठेवावी. निघण्याच्या आदल्या दिवशी घाटावरच्या ढीमरांशी बोलावे. कुठल्या डोहाखाली खडक आहे, वरून पाणी कधी सुटते, कुठल्या वळणावर रेती उपसून नवा खड्डा पडला आहे, हे उपग्रहाच्या नकाशात नसते. त्यांना ते रोजच्या जाळ्यामुळे माहीत असते, आणि विचारले तर ते चहा पिता पिता सगळे सांगतात.